जंगलात जायचे ते बंदुकीविना
बदलापूरपासून बारवी धरणाच्या बाजूला पसरलेल्या जंगलात बिबट्या, रानडुक्कर, भेकर आणि ससा यांचा वावर आहे, आणि यांतल्या कशाचीही शिकार करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या मोठी व्यापक आहे. प्राणी मारणे तर सोडाच, त्याला फासे लावणे, विष घालणे, हाकारून पिटाळणे, पक्ष्यांची अंडी वा घरटी मोडणे हेही शिकारीतच मोडते. गुन्ह्यात वापरलेली हत्यारे आणि वाहनही सरकारजमा होतात. नेमकी हीच गोष्ट हौशी मंडळींना ठाऊक नसते, हे वाईट आहे. तेव्हा रानाची ओढ असलेल्याने दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन निघावे. उल्हासनगर, अंबरनाथहून पहाटेची लोकल धरली तर उजाडता उजाडता बदलापूर गाठता येते, आणि पक्षी दिसण्याची खरी वेळ तीच. कपडे मातकट रंगाचे, पायात घोट्यापर्यंतचे बूट, सोबत भरपूर पाणी. शक्यतो गावातला माहीतगार वाटाड्या घ्यावा; ठाकर-कातकरी माणसाला ठशांवरून जे कळते ते पुस्तकात सापडत नाही. पावसाळ्यात बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या कुंडात उतरू नये, तिथे जीव गेले आहेत. अंधारापूर्वी डांबरी रस्त्याला लागावे. बिबट्या समोर आलाच तर पळू नये, त्याला वाट मोकळी ठेवून सावकाश मागे सरावे. फासा किंवा जखमी प्राणी आढळल्यास हात न लावता जागा नीट लक्षात ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे.