मेंढ्याची ग्रामसभा

खेड्यांतील लोकांस काय हवें आहे, हा प्रश्न शहरांतील दिवाणखान्यांत फार वेळां चर्चिला जातो. आणि त्याचें उत्तर देण्याची घाई बहुधा ज्यांचा खेड्याशीं संबंध सुटून दोन पिढ्या लोटल्या अशांनाच असते. कोणी म्हणतो रस्ते हवेत, कोणी म्हणतो कारखाने हवेत. तिसरा एखादा वृद्ध गृहस्थ, आमच्याच वयाचा, म्हणतो कीं त्यांच्या जुन्या चालीरीतींस हात लावूं नका म्हणजे झालें. ह्या महिन्यांत आम्ही ह्यांपैकीं एकाचाहि कैवार न घेतां गडचिरोली जिल्ह्यांतील एका गांवाची हकीकत वाचकांपुढें ठेवणार आहों.

गांवाचें नांव मेंढा. लेखा हें गांव शेजारीं असल्यामुळें त्यास मेंढा-लेखा म्हणतात. धानोरा तालुक्यांतील हें गांव शंभराच्या आसपास घरांचें, वस्ती गोंड लोकांची. भोंवतीं साग, बांबू, मोह व तेंदू यांचें रान. भाताचें पीक पावसाच्या भरंवशावर. तें हातीं आलें कीं उरलेलें वर्ष रानानें पोसावयाचें. जमीनदारीच्या काळीं ह्या रानांतून घरच्या गरजेपुरतें लांकूड, गवत, बांबू आणण्याचा रयतेचा जो हक्क होता, त्यास निस्तार म्हणत. १९५० नंतर जमीनदाऱ्या गेल्या व रानें सरकारजमा झालीं. निस्तार कागदोपत्रीं राहिला, पण बांबू कागदगिरणीस ठेक्यानें जाऊं लागला, आणि ज्यांच्या दारांत तो वाढत होता त्यांना कुडाच्या भिंतीपुरता बांबू आणावयाचा तरी भीत भीत आणावा लागे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें ही स्थिति पालटण्याचा मार्ग उघडला, आणि २००९ सालीं मेंढ्यास सुमारें १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत त्याची गणना होते. हक्क मिळाला खरा. परंतु बांबू तोडून बाहेर विकावयाचा तर वाहतुकीचा परवाना लागे, आणि परवान्याचें पुस्तक वनखात्याच्या कपाटांत! खात्याचें म्हणणें, १९२७ च्या कायद्याप्रमाणें बांबू हा वृक्ष आहे. गांवाचें म्हणणें, नव्या कायद्यानें तो गौण वनोपज ठरला आहे. हा वाद वाचतांना आम्हांस अमरकोशाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. तेथें वेळूच्या नांवांत 'तृणध्वज' असें एक नांव आहे, म्हणजे गवतांतला झेंडा. अमरसिंहास जें ठाऊक होतें तें १९२७ च्या कायद्यास पटावयाला २०१७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं बांबू हा शब्द वृक्षाच्या व्याख्येंतून काढण्यांत आला. मेंढ्यास मात्र तितकी वाट पाहावी लागली नाहीं. २७ एप्रिल २०११ रोजीं तेव्हांचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे स्वतः गांवीं गेले आणि तें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. तोडणी कोठें करावयाची, रानाचा कोणता भाग विसाव्यास ठेवावयाचा, मजुरी काय द्यावयाची, हें ठरविणें सभेकडे आलें. विक्रीचा पैसाहि सभेच्या खात्यांत जमा होऊं लागला.

आणखी एक गोष्ट जातां जातां सांगतों. १९६४ चा ग्रामदान कायदा लोक विसरूनच गेले होते. २०१३ सालीं मेंढ्यानें तो पुन्हां उघडला आणि शेतजमिनींची मालकी ग्रामसभेकडे सोंपविली. कसणारा आपलें शेत कसतोच, परंतु अडीनडीला तें बाहेरच्याच्या घशांत जाऊं शकत नाहीं. वाड्याच्या वाटणीपायीं दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आमच्या घराण्यांनीं ह्यावर काय म्हणावें, तें आम्ही त्यांच्यावरच सोंपवितों.

पण ह्या सर्वांच्या मुळाशीं आहे ती सभेची रीत. तेथें हात वर करून मतें मोजीत नाहींत. एकाचें जरी मन वळलें नसेल तरी विषय पुढें ढकलावयाचा आणि पुन्हां बसावयाचें. विषय अवघड असला तर अभ्यासगट भरतो, बाहेरचा जाणकारहि बोलावतात. तो माहिती सांगेल, निर्णय मात्र त्याचा नव्हे. गांवचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांचीं नांवें ह्या कार्याशीं जोडलेलीं आहेत. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गांवीं आमचें राज्य, ही गोंडी घोषणा तिकडे पोराटोरांच्या तोंडीं असते. आणि विशेष असें कीं ह्या सभेंत स्त्रिया येतात व बोलतात.

त्यांनीं काढलेला मोठा विषय दारूचा. मोहाचीं फुलें फाल्गुन-चैत्रांत रात्रीं गळतात. उजाडण्यापूर्वींच बायका टोपल्या घेऊन झाडांखालीं जातात आणि वेंचलेलीं फुलें अंगणांत वाळत घालतात. हीं फुलें खाण्यास चालतात, विकलीं तर पैसा होतो, आणि गाळलीं तर दारू होते. गोंडांच्या देवकार्यांत मोहाच्या दारूचा नैवेद्य असतो. जन्मापासून मरणापर्यंतचा विधि तिच्यावांचून पुरा होत नाहीं. तेव्हां 'दारू सोडा' असा बाहेरून उपदेश करणाऱ्यास तेथें परंपरेचा विरोध आडवा येतो. बायकांचें म्हणणें साधें होतें: देवास जी लागते ती चमचाभर, उरलेली जी पोटांत जाते ती सायंकाळीं आमच्या पाठीवर उतरते. गांवानें देवाची दारू ठेवली आणि माणसाची बंद करण्याचें ठरविलें. परंपरेची अशी चोख वांटणी एखाद्या शास्त्रीमंडळास साधली असती किंवा नाहीं, आम्हांस शंका आहे. स्त्रियांचें रक्षण म्हटलें कीं आपण शहरी लोक रस्त्यावरील दिवा व पोलिसाची चौकी यांचा विचार करितों. पण तिकडील बाईस रानांतील वाट तितकी भयाण वाटत नाहीं, जितकी दिवेलागणीची वेळ वाटते. (अलीकडे त्या जिल्ह्यांत वाघांचे हल्ले वाढले असून मोह वेंचण्यास एकटीदुकटीनें जाण्याची सोय उरली नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.)

संबंध गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तीहि लोकांच्या चळवळीनें आलेली आहे. तरी चोरटी दारू येते, हें कोणी नाकारीत नाहीं. १९९६ च्या पेसा कायद्यानें मादक पदार्थांवरील बंदीचा अधिकार आदिवासी भागांतील ग्रामसभेसहि दिला आहे. पण ज्या गांवांत सभा कागदावरच भरते तेथें तो अधिकारहि कागदावरच राहतो.

आतां परंपरेची दुसरी बाजू. ह्याच जिल्ह्यांतील पुष्कळ माडिया व गोंड वस्त्यांत पाळीच्या दिवसांत स्त्रीनें घराबाहेर 'कुर्माघर' नांवाच्या झोंपडींत राहावें अशी चाल आहे. गळतें छप्पर, ओली जमीन, धड दार नाहीं. तेथें सर्पदंशानें स्त्रिया दगावल्याचीं वृत्तें येऊन गेलीं आहेत. अलीकडे कांहीं ठिकाणीं त्यांच्या जागीं पाणी व दिवा असलेल्या पक्क्या खोल्या बांधल्या गेल्या. ह्यानें ती चालच पक्की होईल, असा आक्षेप कित्येक घेतात. आमचें मत असें कीं आज रात्रीं जी मुलगी तेथें निजणार तिला आधीं पक्कें दार मिळावें. चालीचा वाद त्यापुढें खुशाल चालूं द्यावा. परंतु खोली बांधून झाली म्हणजे विषय संपला, असें मात्र कोणीं समजूं नये.

आमच्या वाचकांपैकीं एखाद्यास 'रानटी चाल' हा शब्द सुचला असेल, तर त्यानें आपल्याच माजघराचा कोपरा आठवावा. कांबळें वेगळें, तांब्या वेगळा, मुलानें 'आई बाजूला कां बसली' असें विचारलें तर 'कावळा शिवला' हें उत्तर! ही चाल आपल्याकडून व्याख्यानांनीं गेली नाहीं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत बाजूला बसावयास बाजूच उरली नाहीं, मुली शाळेंत गेल्या, सुना नोकरीस लागल्या, आणि ती गेली. गेली असें तरी पुरतें कोठें म्हणावें? गौरी-गणपतीच्या तोंडावर पाळी पुढें ढकलण्याच्या गोळ्या आजहि सुशिक्षित घरांतून आणविल्या जातात, आणि त्या कोणीं आणावयास सांगितल्या हें घरांतील वडील मंडळी विचारीत नाहींत.

ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची वेगळी सभा भरवावी, असा आपल्या राज्याचा कायदा आहे. मेंढ्याच्या बायकांनीं दारूचा विषय सभेंत काढला, तसा भामरागड-एटापल्लीकडील बायका आपल्या महिला सभेंत कुर्माघराचा विषय काढतील. तो त्यांनीं केव्हां व कोणत्या शब्दांत काढावा, हें येथें बसून सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आपल्या घरांत तो विषय प्रथम कोणीं काढला, आणि तेव्हां घरचे पुरुष काय म्हणाले, हें मात्र वाचकांनीं आपल्या आईस किंवा आजीस एकदां विचारावें.