कठोर श्लोक गाळू नका, टीकांसह मराठीत आणा

प्रति,
विश्वस्त आणि संपादक मंडळ,
प्राज्ञपाठशाळा मंडळ, वाई



मनुस्मृतीचा विषय निघाला की महाराष्ट्रात लगेच दोन तट पडतात. २०२४ मध्ये शालेय अभ्यासक्रमाच्या राज्य आराखड्याच्या मसुद्यात तिचा एक श्लोक आला, तेव्हा हे पुन्हा दिसले. वाद स्त्रियांवर आला की एक बाजू तिसऱ्या अध्यायातला श्लोक पुढे करते: जिथे स्त्रियांचा मान राखला जातो तिथे देवता आनंदात असतात. दुसरी बाजू नवव्या अध्यायातला काढते: बालपणी बाप, तरुणपणी नवरा, म्हातारपणी मुलगे राखतात, स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही. या दोन श्लोकांत विरोध आहे असे दोन्ही तट धरून चालतात. प्रत्यक्षात तिसऱ्या अध्यायातला तो उपदेश बाप, भाऊ, नवरा आणि दीर यांना केलेला आहे. स्वतःचे कल्याण हवे असेल तर घरातल्या स्त्रियांना दागिने, वस्त्रे, अन्न देऊन संतुष्ट ठेवा, एवढेच तो सांगतो. देणारा पुरुष आणि घेणारी स्त्री. ती स्वतःच्या हक्काने काय मागू शकते याबद्दल तिथे अक्षर नाही. नवव्या अध्यायातली राखण आणि तिसऱ्यातला मान एकाच विचारातून आलेले आहेत. आसपासचे चार श्लोक वाचले तरी हे कळते, पण ते वाचायची सोय मराठी वाचकाला सहज होत नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

सर्वांत कठोर श्लोकांची लाज वाटते तेव्हा ते प्रक्षिप्त ठरवण्याची आपल्याकडे सवय आहे. आपल्या माहेरच्या किंवा गुणांच्या घमेंडीत नवऱ्याला डावलणाऱ्या स्त्रीला राजाने भर चौकात कुत्र्यांकडून फाडून खाववावे, असे आठवा अध्याय सांगतो. हे मागाहून कुणीतरी घुसडले, असे म्हटले की सुटल्यासारखे वाटते. मनुस्मृतीत थर आहेत हे खरेच. नवव्या अध्यायात नियोगाला, म्हणजे संततीसाठी दिराशी किंवा अन्य नियुक्त पुरुषाशी संबंधाला, आधी मुभा आहे आणि लगेच पुढे त्याचा धिक्कार आहे. पण प्रक्षेप ठरवायला हस्तलिखितांचा आधार लागतो. आपल्याला रुचत नाही हा आधार होऊ शकत नाही. पॅट्रिक ऑलिव्हेल यांची चिकित्सक आवृत्ती २००५ मध्ये निघाली आणि हे श्लोक तिच्या संहितेत कायम आहेत. शिवाय शेकडो वर्षे टीकाकारांनी अर्थ लावला तो या श्लोकांसकट अखंड ग्रंथाचा. गाळीव मनुस्मृती त्यांच्यापुढे कधी नव्हतीच.

‘तो काळच तसा होता’ हे दुसरे उत्तर मला त्याहून घातक वाटते, कारण त्यात त्या काळातल्या माणसांवरच अन्याय होतो. मेधातिथीचे उदाहरण पाहा. साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा हा मनुस्मृतीचा भाष्यकार. विधवेने पतीमागे चितेवर जावे असे अंगिरसाचे वचन त्याच्यासमोर होते. त्याने ते नाकारले. आत्मघात पुरुषाला जसा निषिद्ध तसाच स्त्रीलाही, असे तो म्हणतो आणि श्येनयागाचा दाखला देतो. शत्रूच्या मरणासाठी करायचा हा याग वेदात सांगितला आहे, पण सांगितला आहे म्हणून तो धर्म होत नाही. बायकोच्या मालकीचे धन नसते, या मनूच्या वचनाचाही त्याने शब्दशः अर्थ घेतला नाही. नवऱ्याला न विचारता तिने खर्च करू नये, इतक्यावर त्याने ते आणले. हा अर्थही आजच्या मापाने जाचकच आहे, पण शास्त्रवचन समोर असताना त्याने न्यायबुद्धी गहाण टाकली नाही हे महत्त्वाचे. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने मिताक्षरा या आपल्या टीकेत वारशाने, खरेदीने, वाटणीने आलेली मालमत्ताही स्त्रीधनात, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालकीच्या धनात, धरली. त्याच विज्ञानेश्वराने सहगमनाचे, म्हणजे विधवेने पतीच्या चितेवर जाण्याचे, मात्र समर्थन केले. टीकाकार सरसकट उदार होते असा माझा दावा नाही. ते निवड करत होते, एवढेच मला दाखवायचे आहे; आणि जो निवड करतो त्याला निवडीचा जाब विचारता येतो. मिताक्षरेचे हे व्यापक स्त्रीधन इंग्रजी अमलात प्रिव्ही कौन्सिल या सर्वोच्च अपील न्यायालयाने मानले नाही. विधवेकडे आलेली नवऱ्याची इस्टेट तिच्या हयातीपुरती राहिली, ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ पर्यंत. अर्थ कोण लावतो यावर बायकांच्या कित्येक पिढ्यांची भाकरी अवलंबून होती.

हे सारे टीकांसह मराठीत आणावे या माझ्या सूचनेवर सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो महाडहून. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला, तो टीकांसह पुन्हा छापून त्याला प्रतिष्ठा कशाला द्यायची? या आक्षेपामागची वेदना मी पूर्ण मानतो. महाडला त्या ग्रंथाचा अधिकार नाकारला गेला आणि तो नाकारलेलाच राहिला पाहिजे. पण बाबासाहेबांनी तो न वाचता नाकारला नव्हता. १९५१ मध्ये हिंदू स्त्रीच्या अवनतीवर लिहिताना त्यांनी मनूची एकेक वचने पुढे ठेवून आरोप सिद्ध केला आहे. आरोपपत्राला पुरावा लागतो आणि तो लोकांच्या भाषेत लागतो. पुरावा हाताशी नसला की त्याची जागा समाजमाध्यमांवरचे अर्धे श्लोक घेतात.

आपल्या संस्थेला हे काम परके नाही. केवलानंद सरस्वतींच्या या पाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. अस्पृश्यतेच्या वादात त्यांनी शास्त्राच्याच आधारे सनातनी पंडितांना उत्तर दिले. आपल्या धर्मकोशाच्या व्यवहारकांडात एकेका विषयावरची स्मृतिवचने आणि त्यांवरच्या टीका एकत्र लावलेल्या आहेत, पण हे सारे संस्कृतात आहे. त्यातला स्त्रीपुंधर्म (पती-पत्नींची परस्पर कर्तव्ये) आणि स्त्रीधन हा भाग तेवढा मराठीत आणा. एकही श्लोक गाळू नका आणि सौम्य करू नका. टीकाकारांचे मतभेद जसेच्या तसे द्या, शेजारी ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई आणि बाबासाहेब यांनी घेतलेले आक्षेप द्या, आणि पुस्तकाची किंमत कॉलेजातल्या मुलीला परवडेल अशी ठेवा.

कळावे,
एक वाचक