पांढऱ्या पिसांचा सातभाई

गेल्या मार्गशीर्षांतील एका सकाळची गोष्ट आहे. प्रताप नगरांतील आमच्या घराचें आवार कांहीं मोठें नाहीं. एक पेरू, एक कढीलिंब, कुंपणाशीं जास्वंद आणि तुळशीवृंदावनाजवळ पाखरांसाठीं पाणी भरून ठेविलेलें मातीचें पसरट भांडें, एवढाच त्याचा विस्तार. परंतु सेवानिवृत्त माणसास तेवढें पुरतें. त्या दिवशीं नेहमींचा सातभाईंचा थवा कलकलाट करीत पेरूखालीं उतरला आणि पाचोळा उलथून किडे शोधूं लागला. सातभाई हा मुळीं धुळीच्या रंगाचा पक्षी. पिवळी चोंच आणि फिकट डोळा सोडल्यास त्याच्या अंगावर नजर ठरावी असें कांहीं नाहीं. पण त्या आठांपैकीं एकाच्या दोन्ही पंखांतील तीन-चार पिसें आणि अर्धी शेपटी दुधासारखी पांढरी होती!

"हा अल्बिनो!" आम्हीं तत्काळ निकाल दिला. पांढरा कावळा, पांढरा मोर, पांढरा उंदीर या सर्वांस तोच एक शब्द लावावयाचा, असें आम्हीं मुलांना वर्षानुवर्षें शिकविलें होतें. त्या वेळीं घरीं आलेल्या एक वडीलधाऱ्या आप्तबाई व्हरांड्यांत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगबाई, त्याला तर कोड उठलें आहे! हांकला त्याला, सकाळच्या प्रहरीं दर्शन नको."

शेजारींच आमची नात शब्दरूपें पाठ करीत बसली होती. ती यंदा दहावींत आहे. दोन वर्षांपासून तिच्या बोटांवर आणि मनगटावर कोडाचे डाग आहेत. नागपूरच्या उन्हाळ्यांतही ती लांब बाह्यांचा सदरा घालते. तो तिला सूनबाईंनीं आणून दिला, आणि आम्हीं तें पाहून गप्प राहिलों. ती त्या वेळीं कांहींच बोलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मात्र ती भावाची दुर्बीण घेऊन आमच्याआधींच पेरूजवळ हजर होती. थोड्या वेळानें म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्याचा डोळा पाहिलात का? बाहुली काळी आहे. अल्बिनोची लाल दिसते ना?" आम्हीं दुर्बीण डोळ्यांस लाविली. बाहुली स्वच्छ काळी होती. आमचा निकाल चुकला होता.

वाचकांपैकीं ज्यांच्या अंगणांत असें एखादें पाखरूं येत असेल, त्यांच्यासाठीं यांतील मर्म सांगतों. पिसांतील काळा, करडा आणि तपकिरी रंग मेलॅनिन नांवाच्या द्रव्यापासून येतो. पिवळा आणि तांबडा रंग बहुधा कॅरोटिनॉइड द्रव्यांचा असतो व तीं पक्ष्यास अन्नांतून मिळतात. रोहित पक्षी गुलाबी दिसतो तो यामुळेंच. अल्बिनो प्राण्याच्या शरीरांत मेलॅनिन तयारच होत नाहीं. मग तें डोळ्यांतही नसतें. आंतील रक्ताची लाली दिसते, उजेड सोसत नाहीं आणि दृष्टि अधू होते. असा पक्षी रानांत फार काळ टिकत नाहीं. म्हणून बागेंत वाढलेलें, धडधाकट पांढरें पाखरूं दिसलें, तर तें बहुतेक अल्बिनो नसतें. ल्यूसिझम नांवाच्या दुसऱ्या प्रकारांत रंग बनविणाऱ्या पेशी त्वचेच्या कांहीं भागांत पोहोंचतच नाहींत. तेथील पिसें जन्मतः पांढरीं उगवतात, परंतु डोळ्याचा रंग कायम असतो. तिसऱ्या प्रकारांत पक्षी वयांत आल्यावर पिसें झडून नवीं येतांना दर खेपेस पांढरेपणा वाढत जातो. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमचा पक्षिसंग्रह ट्रिंग येथें आहे. पुढें तेथें काम केलेले तज्ज्ञ हाइन व्हान ग्राऊ यांनीं २००६ सालीं एक लेखच लिहिला, कीं प्रत्येक पांढरा पक्षी अल्बिनो नव्हे. प्रयोगशाळेंतील लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर खरा अल्बिनो. बागेंतला पांढरा मोर नव्हे. आम्हीं दोघांसही एकाच दावणीस बांधीत होतों!

उलट प्रकारही असतो. मेलॅनिन वाजवीपेक्षां अधिक झालें कीं प्राणी काळा होतो; ताडोबाच्या रानांत २०१८ सालीं दिसलेला काळा बिबट्या अनेकांस आठवत असेल. आणि कांहीं वेळां विपरीत असें कांहीं नसतेंच. स्वर्गीय नर्तकाची मादी तांबूस असते आणि लांब शेपटीचा प्रौढ नर पांढराशुभ्र असतो. तो त्याचा नेहमींचा वेष होय.

तेव्हां असें पाखरूं दिसल्यास प्रथम डोळा पाहावा. मग चोंच, पाय, आणि पांढरीं पिसें दोन्ही बाजूंस सारखीं आहेत कीं काय तें पाहावें. कॅरोटिनॉइडचा पिवळा रंग अल्बिनोंतही टिकतो, म्हणून केवळ चोंचीवरून निर्णय करूं नये. तारीख, वेळ व जागा लिहून ठेवावी. छायाचित्र साधल्यास उत्तम. पकडण्याच्या भरीस मात्र पडूं नये. रानपाखरांस १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. शिवाय मेलॅनिनमुळें पिसास बळकटी येते; पांढरें पीस लवकर झिजतें, आणि शिक्ऱ्याच्या नजरेस पांढरें भक्ष्य आधीं पडतें. त्या जिवास अडचणी आहेत तेवढ्या पुरेत.

संस्कृतांत 'श्वेतकाकीय' असा एक शब्द आहे. पांढऱ्या कावळ्यासारखें, म्हणजे कधीं न घडणारें, असा त्याचा अर्थ. पांढरे कावळे खरोखर असतात, हें आज ठाऊक आहे. शब्द मात्र तसाच राहिला. शब्दांचें असेंच होतें. कोडास आपल्याकडे 'श्वेतकुष्ठ' म्हणतात. वस्तुतः कुष्ठाचा आणि त्याचा कांहींएक संबंध नाहीं. त्वचेंतील रंगपेशी नाहींशा झाल्यानें डाग पडतो. तो स्पर्शानें दुसऱ्यास होत नाहीं. पक्ष्याचा ल्यूसिझम आणि माणसाचें कोड हीं दोन एक नव्हेत, हेंही सांगितलें पाहिजे. पण चुकीचा शब्द दोहोंकडे सारखाच काम करितो: पाखरूं हांकलून देतात, आणि मुलीस लांब बाह्या शिवतात.

त्या दिवसापासून नात एक वही ठेवीत आहे. सातभाई कळपानें राहतात, एकमेकांचीं पिसें विंचरतात, आणि एकाच घरट्यांतील पिलांस सारे मिळून भरवितात. पौषांतील एका पानावर तिनें लिहिलें आहे: "आज थंडी फार. सगळे फांदीवर चिकटून बसले. तो मधोमध होता. दोघे त्याची मान साफ करीत होते." एका कळपावरून सर्व सातभाईंविषयीं सिद्धान्त मांडण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. या आठांनीं त्याला वेगळें बसविलें नाहीं, एवढें आम्हीं उभयतांनीं पाहिलें आहे.

येत्या वैशाखांत त्याच आप्तबाईंच्या घरीं लग्न आहे. पत्रिका आली, आणि मागाहून निरोप आला, कीं मुलीची परीक्षा नुकतीच झालेली असेल, तिला विश्रांति द्यावी. निरोपाचा अर्थ घरांत सर्वांस कळला. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. या वेळीं आम्ही मात्र गप्प बसलों नाहीं. आम्हीं उत्तर धाडिलें आहे, कीं येऊं तर तिला घेऊनच येऊं, आणि ती पंगतींत आमच्या शेजारीं बसेल.

त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. थवा मात्र रोज येतो.