दूधतुपावर घेतली तर?

मध्यंतरी वारणानगरास एका स्नेह्यांकडे उतरलो असता वहिनींनी आम्हांस हळूच विचारिले, "भाऊजी, इकडून रोज थोडी घेणे होते. घरात दूधतूप आहे, तेव्हा बाधत नाही म्हणतात. खरे का हो?"

वारणानगर सहकारी दूधसंघाचे गाव. दुधाचा दाम त्यातील स्निग्धांशावर, म्हणजे 'फॅट'वर ठरतो, हे तेथे पोरासोरांसही ठाऊक! परंतु हाच स्निग्धांश यकृतात साचू लागला, तर त्याचे मोल निराळेच द्यावे लागते.

यकृत काही मेद जाळिते व काही रक्तावाटे इतरत्र धाडिते. मद्य येताच त्याचा निचरा करणे हेच त्याचे पहिले काम होते. त्या खटाटोपात पेशींतील रासायनिक तोल ढळतो. जुना मेद जळेनासा होतो, नवा अधिक बनतो, बाहेर धाडणेही मंदावते. थेंब थेंब साठत राहतो आणि बहुधा दुखत खुपत काहीच नाही.

पूर्वी वैद्यकशास्त्रही याचा दोष निकृष्ट आहारास देई. न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर यांनी सकस आहार घेणाऱ्यांच्याही यकृतात मद्याने मेद साठतो, असे दाखविले. १९७४ साली तर पोषक आहारावरील बबून वानरांत यकृत निबर झाल्याचेही त्यांस आढळले.

नुसता मेद असेतो मद्य पूर्ण सोडल्यास काही आठवड्यांत तो बहुधा ओसरतो; निबर झालेले यकृत मात्र पूर्ववत होणे कठीण. वहिनींस आम्ही हेच सांगितले. आतल्या खोलीतील वर्तमानपत्राची सळसळ तेवढी थांबली होती.