कूस, क्षय आणि शिक्का



पांझरेपलीकडचे देवपूर असो की साक्रीकडचे एखादे खेडे, लग्नाला तीन-चार वर्षे होऊन पाळणा हलला नाही की सुनेची उलटतपासणी घरातच सुरू होते. उपास, गंडेदोरे, मग दुसऱ्या सोयरिकीची कुजबूज. नवऱ्याची वीर्यतपासणी सोपी असते, पण तो विषयच निघत नाही. आणि सुनेच्या गर्भनलिकांत क्षय दडलेला असू शकतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नसते.

क्षय म्हणजे खोकला, असे आपण धरून चाललो आहोत. फुप्फुसातले जंतू रक्तावाटे गर्भनलिकांत जाऊन बसतात तेव्हा बहुधा खोकला नसतो, थुंकीत काही सापडत नाही. पाळी कमी होते किंवा थांबते, ओटीपोट दुखते. कित्येकींना एवढेही होत नाही. मूत्रपिंडात गेले तर लघवीला जळजळ, कधी रक्त, आणि नेहमीच्या गोळ्यांनी उतार नाही. बाई ते अंगावर काढते. डॉ. राणी बंग यांची गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते; त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के!

निदानासाठी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढतात. तो सगळाच फॉर्मेलिनमध्ये टाकला तर जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. थोडा भाग सलाईनमध्ये ठेवा, असे सोबत गेलेल्या कार्यकर्तीने आधीच सांगावे. उलट, नुसत्या एका पीसीआर अहवालावर सहा महिन्यांची औषधे सुरू करणारेही आहेत. तिथेही प्रश्न विचारायचे.

सरकारी दवाखान्यात औषधे मोफत आहेत; आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात, पूर्वी ५०० होते. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरून गोळ्या सोडू नयेत. याच औषधाने पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. हे बाईला सांगतो कोण?

क्षय बरा होतो, पण चिकटलेल्या नलिका उघडतातच असे नाही. तेव्हा तिला गोळ्यांच्या पाकिटांसकट माहेरी धाडण्याची भाषा सुरू होते. अशा घरी, तिची संमती घेऊन, आपल्यापैकी दोघींनी जायला हवे. आणि नवऱ्याच्या तपासणीचा कागद आधी मागायचा.