पटावरची मुले आणि पटावरची प्यादी

अमेरिकेचे केंद्रीय शासन २०२५ साली १ ऑक्टोबरपासून तब्बल ४३ दिवस ठप्प होते. कारण काय, तर आरोग्यविम्याच्या हप्त्यासाठी नागरिकांना मिळणारे अर्थसाह्य पुढे चालू ठेवायचे की नाही, यावर डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोन पक्षांचे एकमत होईना. जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या देशाची ही शोभा पाहून आपल्याकडील अनेकांना हसू फुटले. हसणाऱ्यांनी क्षणभर थांबावे. ओबामांचा आरोग्यविमा कायदा मार्च २०१० मध्ये संमत झाला, तेव्हा एकाही रिपब्लिकन सदस्याने त्याच्या बाजूने मत दिले नव्हते. २०१७ साली सत्ता हाती येताच त्याच पक्षाने तो कायदा मोडीत काढण्याचा घाट घातला आणि स्वपक्षाचेच तीन सिनेटर फिरल्यामुळे तो प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला. कर कमी करा आणि नागरिकाला त्याचे तो पाहू द्या, ही एका पक्षाची श्रद्धा. कर घ्या आणि शासनाने सर्वांचा भार उचलावा, ही दुसऱ्याची. दोन्ही पक्ष हटवादी असतील. परंतु सत्तेवर असोत वा विरोधात, त्यांची जागा बहुधा ठरलेली असते आणि आपण कशाला मत देत आहोत हे मतदाराला ठाऊक असते.

महाराष्ट्रातील मतदाराला ही सोय नाही. शिक्षण, कर आणि आरोग्य या तिन्ही विषयांत येथील पक्षांची भूमिका विचारावरून ठरत नाही, आसनावरून ठरते. याचा पडताळा विधानभवनाच्या प्रेक्षक सज्जातून पाहण्यापेक्षा सातारा जिल्ह्यातील मेढ्याला जाऊन पाहावा.

वेण्णाकाठचे मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्यालय. जावळी म्हटले की मराठी मनाला १६५६ साल आठवते, चंद्रराव मोऱ्यांचा पाडाव आठवतो. आजच्या जावळीची ओळख मात्र मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडींची आहे. कोयनेचे धरण झाले, शिवसागराचे पाणी चढले आणि खोऱ्यातील गावे उठली. जी राहिली, ती बामणोलीच्या अलीकडे-पलीकडे पाणी आणि डोंगर यांच्या बेचक्यात विखुरली. कर्ते पुरुष मुंबईला. गावात म्हातारी माणसे आणि मोजकी मुले. अशा वाडीच्या जिल्हा परिषद शाळेत वीसचा पट भरणार कोठून?

आणि नेमका हा पटच राजकारणाच्या पटावर मांडला गेला. २०१७ च्या अखेरीस विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना नजीकच्या शाळेत घालण्याचा निर्णय झाला. तेव्हा विरोधी बाकांवरील काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांनी आकाशपाताळ एक केले. गरिबांचे शिक्षण संपविण्याचा हा डाव आहे, असे ठणकावून सांगितले गेले. सहाच वर्षे लोटली. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयातून पत्र निघाले: वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव पाठवा. अशा शाळा राज्यात १४,७८३ होत्या. या वेळी त्याच राष्ट्रवादीचा मोठा गट शासनात बसला होता. मग २०१७ चा तो गरिबांचा कळवळा कोणत्या खुंटीवर टांगला गेला? आणि वाडीवस्तीवरील शेवटच्या माणसाची भाषा बोलणाऱ्यांनीही या वाडीचा विचार केवळ आकड्यांत का करावा?

समूह शाळेच्या बाजूने काहीच बोलता येत नाही, असे नव्हे. चार इयत्तांना मिळून सात मुले आणि एक शिक्षक, यात ना खेळ रंगतो ना स्पर्धा. दाखला पानशेत आणि तोरणमाळ येथील प्रयोगांचा देण्यात आला आणि तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. पण जेथे गाडी मुलांच्या दारी जाऊ शकते, तेथे ते जमते. जावळीच्या पश्चिम अंगाला जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस, चढणीची पायवाट आणि मध्ये जलाशय. तेथे नकाशावरचे तीन किलोमीटर पायाखाली किती होतात? शिक्षण हक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. शाळा दूर गेली की पहिली घरी बसते ती मुलगी. आरोग्य उपकेंद्रासाठी सपाटीवर ५,००० लोकसंख्या आणि डोंगरी भागात ३,००० असा भेद शासनानेच मानला आहे. मग शाळेच्या पटाला डोंगर का दिसू नये?

पैसा नाही, हे उत्तर तर मुळीच चालणार नाही. २००४ साली चिदंबरम यांनी प्राथमिक शिक्षणासाठी दोन टक्के उपकर लावला. २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का चढविला. २०१८ मध्ये जेटलींनी तो आरोग्य आणि शिक्षण यांच्या नावे चार टक्के केला. मेढ्यातील शिक्षक लाखभर रुपये प्राप्तिकर भरत असेल, तर त्यावर चार हजार रुपये तो या एकाच कारणासाठी वेगळे मोजतो. उपकरातील रकमेवर राज्यांचा वाटा नसतो. ती वाटपाच्या राशीत येतच नाही. माध्यमिक उपकरातून २०१६-१७ पर्यंत जमलेल्या ८३ हजार कोटींहून अधिक रकमेसाठी स्वतंत्र निधीच उभारला गेला नव्हता, हे महालेखापरीक्षकांनी दाखविले आहे. या दहा-अकरा वर्षांत दिल्लीत दोन्ही आघाड्या सत्तेवर येऊन गेल्या. येथे मात्र त्यांच्यात विलक्षण एकमत!

आरोग्याची कथा नावांची आहे. युती शासनाने १९९७ मध्ये जीवनदायी योजना आणली. काँग्रेस आघाडीने २०१२ मध्ये तिला राजीव गांधींचे नाव जोडून विम्याचे रूप दिले, आणि मुख्यमंत्री कराडचे असूनही सातारा जिल्ह्याला तिची वाट नोव्हेंबर २०१३ पर्यंत पाहावी लागली. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा जोतिबा फुले यांचे झाले. पुढे मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली, हे निःसंशय चांगले झाले. परंतु शिवसागरापलीकडच्या बाळंतिणीला रात्री दोन वाजता पाच लाखांचे कार्ड नको असते. लाँच, रुग्णवाहिका आणि मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात जागा असलेला डॉक्टर हवा असतो. फलकावर कोणाचे नाव, यावर सभागृहात तास खर्ची पडतात. लाँचवर पडत नाहीत.

पक्षीय रागाची किंमत शाळेने मोजावी, हे साताऱ्याला नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान, त्यांनी शासनावर टीका केली म्हणून, १९४८ मध्ये काँग्रेसच्याच राजवटीत रोखले गेले. ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून गाडगे महाराजांना मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकावा लागला. आज त्या वाड्यांसाठी शब्द टाकणारे गाडगे महाराज नाहीत. तेव्हा मागणी साधीच आहे. जावळीतील कोणत्याही शाळेला कुलूप लावण्याचा कागद निघण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने आणि त्या भागाच्या सर्वपक्षीय प्रतिनिधींनी जुलै महिन्यात, दप्तर पाठीवर घेऊन, ते अंतर एकदा पायी आणि लाँचने कापावे. आणि त्याच दिवशी त्या वाडीच्या ग्रामसभेपुढे उभे राहून आपला निर्णय वाचून दाखवावा.