सायकलीलाही दावे हवे



पेरण्या उरकतात न उरकतात तोच घरोघर कॉलेजप्रवेशाची धांदल सुरू होते. मुलगा-मुलगी वसतिगृहावर निघाली की सामानाबरोबर सायकलही जाते. कृषी महाविद्यालयाचे आवार मोठे. वर्ग एकीकडे, प्रक्षेत्र दुसरीकडे. तिथे सायकल चोरीला गेली की मुलांची पायपीट होते. म्हणून सायकल धाडण्याआधी चार गोष्टी करा.

पहिली, नंबर. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी क्रमांक असतो, तसा सायकलीच्या फ्रेमवरही नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी करून पायडलच्या आसाखाली पाहा. तिथे नसल्यास सीटखालच्या दांड्यावर सापडेल. तो वहीत उतरवा, पावती जपा, फोटो काढून ठेवा.

दुसरी, बांधणे. मागच्या चाकाचे कुलूप सायकल चालवू देत नाही, पण ती उचलून टेम्पोत टाकता येतेच! गळ्यात दावे आहे पण खुंट्याला बांधलेले नाही, तर बैल गोठ्यात राहील का? जाड साखळी फ्रेम व चाक दोन्हींतून ओवून पक्क्या रोवलेल्या लोखंडी दांड्याला जखडावी. बारीक वायरचे कुलूप कटरने क्षणात तुटते.

तिसरी, जागा. सायकल उजेडात, वर्दळीच्या ठिकाणी लावावी. दिवाळीला घरी येताना ती उघड्यावर सोडू नये. रेक्टरांना विचारून आत ठेवावी.

चौथी, तक्रार. चोरी झाल्यास फ्रेमचा नंबर देऊन पोलिसांत लगेच नोंद करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते. मात्र ३ दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत फुकट मिळते.

आणखी एक. बिनपावतीची सायकल स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे. गिऱ्हाईक आहे म्हणूनच चोराचे फावते.

शेवटी, निघताना मुलांना एवढे जरूर सांगा: "सायकल गेली तर आधी घरी कळव, कोणी रागावणार नाही." घरची ओढाताण ठाऊक असलेली मुले असे नुकसान गिळून गप्प बसतात. मग तक्रार राहते, आणि मूल मनातल्या मनात कुढत बसते. सायकल पुन्हा घेता येईल. मुलांचा विश्वास मात्र आपणच राखायचा असतो.